रसद तोडणारं औषध, आणि आपल्यापर्यंत न पोचलेली रसद

उदगीरचं नाव इतिहासाच्या पुस्तकात येतं ते १७६० च्या फेब्रुवारीतल्या लढाईमुळं. सदाशिवरावभाऊंनी तिथं निजामाला नमवलं. तेच भाऊ वर्षाच्या आत पानिपतावर अडकून पडले. फौज शूर होती, तोफा होत्या, पण रसद तुटली. दाणा-वैरण बंद झाली, माणसं आणि जनावरं उपाशी राहायला लागली, आणि मग १४ जानेवारी १७६१ चा दिवस उजाडला.

समोरासमोर लढण्याआधी शत्रूची रसद तोडा, हे आपल्याकडं शाळेतल्या पोरालाही कळतं. पण कॅन्सरच्या बाबतीत हाच विचार कुणीतरी ठामपणे मांडायला १९७१ साल यावं लागलं. आणि ज्या डॉक्टरनं तो मांडला, त्याला पुढं कित्येक वर्षं लोकांनी वेड्यात काढलं.

आजची पोस्ट या कल्पनेच्या इतिहासावर आहे. लांब आहे, सावकाश वाचा. घरात शुगरचा पेशंट असेल किंवा कमी दिवसांचं बाळ जन्मलं असेल, तर शेवटपर्यंत नक्की वाचा. कारण अमेरिकेत सुरू झालेली ही गोष्ट मुंबईच्या पेटंट ऑफिसातून फिरून थेट नांदेड-लातूरच्या एसटी स्टँडवर येऊन थांबते.

तर सुरुवातीपासून.

१९६० च्या सुमारास ज्युडा फोकमन नावाचे एक तरुण सर्जन अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत काम करत होते. काम वेगळंच होतं. लांबच्या सफरीवर जाणाऱ्या जहाजांसाठी रक्ताला पर्याय शोधायचा होता. तो पर्याय कितपत चालतो हे बघायला त्यांनी आणि त्यांचे सहकारी फ्रेडरिक बेकर यांनी प्राण्याची थायरॉईड ग्रंथी काचेच्या भांड्यात जिवंत ठेवली आणि तिच्यावर कॅन्सरच्या पेशी सोडल्या. पेशी वाढल्या, टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्या आणि तिथंच थांबल्या. मेल्या नव्हत्या, नुसत्या थांबल्या होत्या. त्याच बारीक गाठी उंदराच्या अंगात घातल्या की भराभर वाढायच्या.

फरक कशात होता? उंदराच्या अंगात गाठीकडं नव्या रक्तवाहिन्या फुटून जायच्या. काचेच्या भांड्यात तशा फुटत नव्हत्या.

आपल्या शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. पाणी मिळालं नाही तर बी रुजतं, पण पीक उभं राहत नाही. फोकमन यांनी १९७१ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये हेच मांडलं. गाठ एक-दोन मिलिमीटरच्या पुढं वाढायची असेल तर तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या लागतात. त्यासाठी ती एक रसायन सोडते आणि शेजारच्या रक्तवाहिन्यांना आपल्याकडं फांद्या फोडायला लावते. हे रसायन शोधून अडवलं, तर गाठ उपाशी राहील.

त्यावेळचं मत याच्या उलट होतं. गाठीभोवतीच्या रक्तवाहिन्या म्हणजे निव्वळ सूज, त्यात विशेष काही नाही, असं मोठमोठे शास्त्रज्ञ म्हणत. त्यात फोकमन पडले सर्जन. बोस्टनच्या मुलांच्या हॉस्पिटलचे ते मुख्य सर्जन होते. चिरफाड करणाऱ्यानं प्रयोगशाळेत कशाला लुडबूड करावी, असाही सूर होता. निधीचे अर्ज नाकारले गेले, टिंगल झाली. पण फोकमन रोज ऑपरेशन टेबलावर जिवंत गाठ बघत होते, हाताला लागलं की भळाभळा रक्त सोडणारी. टीका करणाऱ्यांनी बघितली होती ती बाटलीत ठेवलेली पांढरी, मेलेली गाठ. प्रत्यक्ष रुग्णाजवळ उभ्या असलेल्या माणसाला जे दिसतं, ते लांबून दिसत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढं परत लागेल.

ते रसायन सापडायला बरीच वर्षं गेली. १९८३ मध्ये बोस्टनच्याच हॅरॉल्ड ड्व्होरॅक यांच्या गटाला गाठीतून निघणारं, रक्तवाहिन्या पाझरायला लावणारं एक प्रथिन सापडलं. १९८९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या जेनेन्टेक कंपनीत नेपोलिओने फेरारा या मूळच्या इटालियन शास्त्रज्ञानं रक्तवाहिन्या वाढवणारं प्रथिन वेगळं काढलं. पुढं कळलं की दोन्ही एकच. त्याला आज व्हीईजीएफ म्हणतात. १९९३ मध्ये फेरारा यांनी दाखवून दिलं की या प्रथिनाला अडवणारी प्रतिपिंडं उंदरांना दिली की गाठींची वाढ मंदावते. त्यातूनच पुढं बेव्हासिझुमॅब हे औषध तयार झालं. बाजारातलं नाव अवास्टिन.

मधल्या काळातली एक गोष्ट सांगायलाच हवी. ३ मे १९९८ ला 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पहिल्या पानावर फोकमन यांच्या प्रयोगशाळेतल्या दुसऱ्या दोन औषधांची बातमी आली. उंदरांच्या गाठी वितळत होत्या. लगेच जगभर बोभाटा, कॅन्सर आता संपलाच! संबंधित कंपनीचा शेअर एका दिवसात कुठल्या कुठं गेला. हॉस्पिटलचे फोन खणखणायला लागले. फोकमन स्वतः सांगत होते की हे उंदरांवरचे प्रयोग आहेत, घाई करू नका. माणसांवरच्या चाचण्यांत तो चमत्कार दिसला नाही. आपल्याकडं रोज सकाळी व्हॉट्सअॅपवर 'कॅन्सरवर रामबाण' येतो, तेव्हा हा किस्सा आठवत जा.

खरं यश आलं ते २६ फेब्रुवारी २००४ ला. अमेरिकेनं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी अवास्टिनला मान्यता दिली. १९७१ च्या त्या लेखानंतर तब्बल ३३ वर्षांनी. आकडाही प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. केमोथेरपीसोबत हे औषध घेतलेल्या रुग्णांचं आयुष्य १५.६ महिन्यांवरून २०.३ महिन्यांवर गेलं. म्हणजे साधारण पावणेपाच महिने जास्त. ज्याच्या घरात मुलीचं लग्न ठरलेलं असतं, त्याला पाच महिन्यांची किंमत विचारा. पण ही कॅन्सरची कायमची सुटका नव्हती. गाठ हुशार असते, एक वाट बंद केली की दुसरी शोधते. स्तनाच्या कॅन्सरसाठी दिलेली मान्यता तर अमेरिकेनं २०११ मध्ये काढून घेतली, कारण फायदा पुरेसा दिसला नाही आणि त्रास दिसला.

या इतिहासाची एक काळी बाजूही आहे. १९५७ मध्ये जर्मनीत थॅलिडोमाइड नावाची झोपेची गोळी बाजारात आली. गरोदर बायकांना मळमळीसाठीही दिली गेली. परिणाम असा की जगभरात दहा हजारांहून जास्त मुलं हात-पाय खुंटलेली जन्मली. १९६१ मध्ये गोळी बंद झाली. १९६४ मध्ये जेरुसलेमच्या जेकब शेस्किन या डॉक्टरांनी कुष्ठरोगाच्या एका रुग्णाला झोप लागावी म्हणून ती दिली, आणि त्याच्या अंगावरच्या लाल, ठणकणाऱ्या गाठी बघता बघता ओसरल्या. कुष्ठरोगातल्या या त्रासासाठी ते औषध, कडक नियमांखाली, आजही वापरलं जातं. मग १९९४ मध्ये फोकमन यांच्याच प्रयोगशाळेतल्या रॉबर्ट डी'अमाटो यांनी दाखवलं की थॅलिडोमाइड नव्या रक्तवाहिन्या फुटू देत नाही. पोटातल्या बाळाचे हात-पाय का खुंटले असावेत, याचा एक धागा तिथं हाती लागला. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या डॉ. सीमा सिंघल आणि सहकाऱ्यांनी बोन मॅरोच्या कॅन्सरचे, सगळे उपाय थकलेले ८४ रुग्ण घेतले. त्यातल्या जवळपास एक तृतीयांश रुग्णांना याच गोळीनं फरक पडला. ज्या गोळीनं मुलं अपंग केली, तीच म्हाताऱ्यांचं आयुष्य वाढवत होती. औषध चांगलं की वाईट हा प्रश्नच अपुरा असतो. कुणाला, किती, कुणाच्या देखरेखीखाली, हे विचारावं लागतं.

आता डोळ्याकडं येऊ. कारण या औषधांनी सगळ्यात मोठा फरक केला तो डोळ्यात.

डोळ्याच्या मागचा पडदा म्हणजे जणू कॅमेऱ्याची फिल्म. शुगर बरीच वर्षं जास्त राहिली की पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या पाझरतात, काही बंद पडतात. पडदा उपाशी राहतो आणि व्हीईजीएफ सोडून नव्या रक्तवाहिन्या मागवतो. त्या येतात, पण कच्च्या. फुटतात, रक्त सांडतं, पडदा ओढला जातो. उतारवयात काही जणांना पडद्याच्या मध्यावर अशाच रक्तवाहिन्या फुटतात आणि समोरच्या माणसाचा चेहराच दिसेनासा होतो. म्हणजे कॅन्सरच्या गाठीत आणि शुगरवाल्याच्या डोळ्यात एकच रसायन गोंधळ घालत होतं.

जेनेन्टेकनं डोळ्यासाठी वेगळं औषध बनवलं, रॅनिबिझुमॅब. नाव लुसेंटिस. अवास्टिनच्याच घराण्यातलं, आकारानं लहान. पण ते बाजारात यायला २००६ चा जून महिना लागला. त्याच्या आधीच, २००५ मध्ये, मायामीच्या फिलिप रोझेनफेल्ड या नेत्रतज्ज्ञांनी साधा विचार केला. कॅन्सरवरचं अवास्टिन बाजारात आहेच, तर त्याचाच एक थेंब डोळ्यात टोचून बघू. टोचलं. पडद्याची सूज उतरली. काही महिन्यांत जगभरचे डॉक्टर तेच करायला लागले.

इथं किमतीचा खेळ समजून घ्या. अवास्टिनची ४ मिलीची कुपी कॅन्सरच्या रुग्णासाठी बनवलेली. डोळ्याला लागतं ०.०५ मिली. एका कुपीत कितीतरी डोळ्यांची सोय होते. अमेरिकेत तेव्हा लुसेंटिसच्या एका इंजेक्शनची किंमत सुमारे २००० डॉलर होती, आणि अवास्टिनच्या त्या थेंबाची सुमारे ५० डॉलर. दोन्ही औषधं एकाच कंपनीची! साहजिकच स्वस्त औषध डोळ्यात वापरायची परवानगी मागायला कंपनी कधी पुढं आली नाही. शेवटी अमेरिकी सरकारच्या नेत्रसंस्थेनं स्वतःच्या पैशानं सुमारे १२०० रुग्णांवर तुलना केली. २०११ मध्ये निकाल आला, नजर सुधारण्यात दोन्ही औषधं बरोबरीची. इटलीच्या स्पर्धा आयोगानं तर मार्च २०१४ मध्ये रोश आणि नोव्हार्टिस या दोन कंपन्यांना १८ कोटी २५ लाख युरोंचा दंड ठोकला. स्वस्त औषध धोक्याचं आहे असं भासवून महाग औषध खपवण्यासाठी दोघींनी संगनमत केलं, हा ठपका. कंपन्यांनी तो नाकारला. पण जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्येच बेव्हासिझुमॅबला डोळ्यांसाठी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं होतं.

बघा, परत तेच. रुग्णाजवळ उभ्या असलेल्या डॉक्टरला जे दिसलं, ते कंपनीच्या मुख्यालयाला दिसलं नाही. किंवा दिसूनही बघायचं नव्हतं.

आता आपल्या देशात या. रसद तोडणाऱ्या औषधांवरची भारतातली सगळ्यात मोठी कायदेशीर लढाई मुंबईत झाली, हे किती जणांना माहीत आहे?

सोराफेनिब नावाची गोळी आहे. मूत्रपिंडाच्या आणि यकृताच्या वाढलेल्या कॅन्सरवर देतात. व्हीईजीएफचा निरोप ज्या दारातून पेशीत शिरतो, ते दारच ही गोळी बंद करते. बायर या जर्मन कंपनीकडं पेटंट होतं, औषधाचं नाव नेक्सावर. एका महिन्याच्या १२० गोळ्यांची भारतातली किंमत २,८०,४२८ रुपये. महिन्याला! आपल्याकडं कोरडवाहू एकराचा भाव आठवा आणि हिशेब करा, किती महिन्यांत किती रान विकावं लागेल.

हैदराबादच्या नॅटको कंपनीनं आधी बायरकडं रीतसर परवानगी मागितली. ती मिळाली नाही. मग २०११ मध्ये सक्तीच्या परवान्यासाठी अर्ज केला. आपल्या पेटंट कायद्याचं कलम ८४ असं सांगतं की औषध लोकांच्या गरजेपुरतं मिळत नसेल, परवडणाऱ्या किमतीत नसेल, किंवा देशात पेटंटचा वापरच होत नसेल, तर सरकार दुसऱ्याला ते बनवायची परवानगी देऊ शकतं. ९ मार्च २०१२ ला पेटंट नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी मुंबईतून आदेश काढला. तिन्ही मुद्द्यांवर बायर हरली. नॅटकोनं महिन्याचा डोस जास्तीत जास्त ८,८८० रुपयांना द्यायचा, बायरला विक्रीवर ६ टक्के मोबदला द्यायचा, आणि दरवर्षी किमान ६०० गरजू रुग्णांना औषध फुकट द्यायचं. भारतातला हा पहिला सक्तीचा परवाना.

बायर अपिलात गेली. मार्च २०१३ मध्ये अपील मंडळानं आदेश कायम ठेवला, फक्त मोबदला ७ टक्के केला. जुलै २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानंही तो उचलून धरला. डिसेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हस्तक्षेप करायला नकार दिला. विषय संपला. मधल्या काळात बायरचे प्रमुख एका परिषदेत बोलून गेले की हे औषध आम्ही भारतीय बाजारासाठी नाही, ज्यांना परवडतं त्या पाश्चात्त्य रुग्णांसाठी बनवलं. जगभर टीका झाल्यावर खुलासा आला. पण तोंडातून निघालेलं ते निघालंच.

दुसरी बाजूही सांगतो. संशोधनाला पैसा लागतो, हे खोटं नाही. वर सांगितलेली ३३ वर्षं कुणीतरी पोसली म्हणूनच औषध आलं. आणि सोराफेनिबनं यकृताच्या कॅन्सरमध्ये सरासरी जवळपास तीनच महिने वाढतात, हेही खरं. सक्तीचा परवाना म्हणजे रोजचं हत्यार नव्हे. त्यानंतर आणखी दोन कंपन्यांनी दुसऱ्या औषधांसाठी अर्ज केले, ते फेटाळले गेले. पण २०१२ च्या त्या आदेशानं एक गोष्ट कागदावर आणली. औषध देशात 'उपलब्ध' आहे, एवढं म्हणून भागत नाही. माणसाच्या हातात पडलं तरच ते औषध.

पुढच्या काही वर्षांत डोळ्याच्या औषधांतही भारतीय कंपन्या उतरल्या. अहमदाबादच्या इन्टासनं २०१५ मध्ये रॅनिबिझुमॅबची भारतीय आवृत्ती आणली. तशी आवृत्ती जगात पहिल्यांदा आपल्याकडं आली. २०१६ मध्ये नवी मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसनं आणि हैदराबादच्या हेटेरोनं बेव्हासिझुमॅब बाजारात आणलं. त्याच वर्षी जानेवारीत गुजरातेत अवास्टिन टोचलेल्या काही रुग्णांच्या डोळ्यांना इजा झाल्याची बातमी आली आणि औषध महानियंत्रकांनी डोळ्यात ते वापरू नका असा इशारा काढला. देशभरच्या नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी बाजू मांडली की दोष औषधाच्या गुणाचा नसतो. कुपी खरी आहे का, थंड ठेवली होती का, वाटून घेताना निर्जंतुक होती का, हे प्रश्न आहेत. मार्चमध्ये इशारा मागे घेतला गेला. धडा सोपा आहे. स्वस्त औषधाला शिस्त महागाच्या दुप्पट लागते.

आता मुख्य मुद्दा. औषध सापडलं, स्वस्तही झालं. आपल्या दोन जिल्ह्यांत काय?

आपल्याकडं डोळ्याचा आजार म्हणजे मोतीबिंदू, हे डोक्यात पक्कं बसलंय. त्याला कारणही चांगलं आहे. १९७६ पासून सरकारचा अंधत्व निवारण कार्यक्रम मोतीबिंदूवर भर देत आला. शिबिरं झाली, ऑपरेशनं झाली. रेणापूर तालुक्यातल्या माकेगावच्या डॉ. तात्याराव लहाने यांनी जे.जे. हॉस्पिटलमध्ये बसून लाखांत ऑपरेशनं केली, ते पद्मश्री झाले, याचा अभिमान आपल्या प्रत्येक गावाला आहे. पण मोतीबिंदूनं आपल्याला एक सवयही लावली. 'पिकू द्या, मग काढू.' मोतीबिंदूत थांबलं तरी बहुतेक वेळा नजर परत येते. पडद्याच्या आजारात थांबलं, तर गेलेली नजर परत येत नाही. इंजेक्शन आहे ती नजर राखतं, थोडीफार वाढवतं, पण पूर्ण गेलेला पडदा उभा करत नाही. आणि सुरुवातीला दुखत नाही, खुपत नाही, लालही होत नाही. कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

दुसरं, हे इंजेक्शन एकदा घेऊन भागत नाही. सुरुवातीला बहुतेकांना दर महिन्याला, पुढं डॉक्टर सांगतील तसं. आता किनवट, माहूर, देगलूर, देवणी, जळकोटच्या माणसाचा विचार करा. दर महिन्याला जिल्ह्याला किंवा हैदराबाद-पुण्याला जायचं, सोबत एक माणूस, दोघांची मजुरी बुडाली, तिकीट, जेवण, कधी मुक्काम. दोन इंजेक्शनं होतात, थोडं दिसायला लागतं, आणि सोयाबीन काढणीला आलं की तिसरं राहून जातं. औषधाची किंमत खाली आली, पण वाटेची किंमत तशीच राहिली.

निजामाच्या राज्यात होतो तेव्हापासून आपली मोठी दुखणी हैदराबादला जातात. राज्य बदललं, १९५६ ला आपण मुंबई राज्यात आलो, १९६० ला महाराष्ट्र झाला, १९८२ ला लातूर स्वतंत्र जिल्हा झाला. १९८८ ला नांदेडला आणि २००२ ला लातूरला सरकारी मेडिकल कॉलेज आलं. तरी वाट बरीचशी तीच आहे. शेजारचं एक उदाहरण बघा. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेनं १९९६ मध्ये आपलं पहिलं ग्रामीण केंद्र कुठं काढलं? मुधोळला. आपल्या बासरच्या जवळ, जिथं आपण पोरांना पाटी-पेन्सिल धरायला नेतो. शहरातल्या संस्थेनं मोठं हॉस्पिटल गावाकडं नेलं नाही, पण तपासणी नेली. मग कुणाला शहरात पाठवायचं आणि कुणाला नाही, हे गावाजवळच ठरायला लागलं. सीमेच्या पलीकडं हे जमतं, तर अलीकडं का नाही?

आणि सगळ्यात नाजूक गोष्ट कमी दिवसांच्या बाळांची. बाळ लवकर जन्मलं तर त्याच्या डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या काठापर्यंत पोचलेल्या नसतात. पेटीतल्या जास्तीच्या ऑक्सिजननं त्या आणखी थबकतात, आणि नंतर पडदा व्हीईजीएफ सोडून रानटी वाढ मागवतो. १९४०-५० च्या दशकांत पाश्चात्त्य देशांत हजारो बाळं अशी आंधळी झाली. १९५१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या डॉ. केट कॅम्पबेल यांनी ऑक्सिजनकडं बोट दाखवलं, तेव्हा कारण कळलं. आज लेझर आहे, आणि २०११ पासून काही बाळांत बेव्हासिझुमॅबही वापरलं जातं. आपल्या सरकारी रुग्णालयांतल्या नवजात विभागांमुळं आता लहान लहान बाळं वाचतात, ही मोठी गोष्ट आहे. पण जीव वाचवला आणि डोळे तपासायचे राहिले, तर? ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचा पडदा जन्मापासून ३० दिवसांच्या आत तपासायचा, असा नियम आहे. फार लवकर जन्मलेल्या बाळाचा त्याही आधी. फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत हा आजार आहे. यादीत असणं आणि तिसाव्या दिवसाच्या आत डॉक्टरनं बाळाचा डोळा उघडून बघणं, यात आपला सगळा प्रश्न आला.

म्हणून तीन मागण्या. आमदार, खासदार, पालकमंत्री, कुणीही वाचत असेल त्यांच्यासाठी.

एक, तालुक्याच्या प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात शुगरच्या रुग्णांसाठी पडद्याचा फोटो काढणारा कॅमेरा. फोटो तिथं काढा, तज्ज्ञानं जिल्ह्यात बसून बघावा.

दोन, नवजात विभागातून सुट्टी देताना कार्डावर डोळ्याच्या तपासणीची तारीख लिहिलेली असावी, आणि त्या तारखेला आशाताईनं फोन करावा.

तीन, जिल्ह्याच्या ठिकाणी महिन्यातले ठरलेले दिवस फक्त या इंजेक्शनसाठी. स्वच्छ ऑपरेशन थिएटर, पावतीसह खरं औषध, आणि पुढच्या तारखेचा पाठपुरावा. २ जुलै २०१२ ला राज्याची जीवनदायी योजना पहिल्या टप्प्यात ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात नांदेड होतं. म्हणजे नवं काही पहिल्यांदा इथं करून बघायची परंपरा आहे.

आणि आपण काय करायचं? घरात शुगर असेल तर वर्षातून एकदा, डोळ्यात थेंब टाकून, पडदा तपासून घ्या. चष्म्याचा नंबर काढला म्हणजे पडदा तपासला असं होत नाही. इंजेक्शन सुरू असेल तर तारीख चुकवू नका. रुग्णालयात आरोग्यमित्र असतो, त्याला विचारा की योजनेत काय बसतं. विचारायला पैसे पडत नाहीत.

ज्युडा फोकमन २००८ साली वारले. तारीख १४ जानेवारी, आपली पानिपतची तारीख. योगायोग आहे, दुसरं काही नाही. शत्रूची रसद कशी तोडायची हे त्या माणसानं जगाला शिकवलं. आपल्या माणसांची रसद तुटू नये, हे बघायचं काम मात्र बोस्टनचं नाही. ते आपलं आहे.

पटलं तर पुढं पाठवा. विशेषतः ज्यांच्या घरात शुगर आहे, त्यांना.